समुद्री जिवाणूंवरचा अतिनील घाव कसा मोजावा: पाणी, तापमान, क्षारता आणि उजेड यांचा हिशेब

अतिनील किरणांचा मारा किती झाला आणि त्यातून जिवाणूचे नुकसान किती झाले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समुद्री जिवाणूंवरच्या प्रयोगांत होणारे बरेचसे गोंधळ या दोन्ही एकच धरल्यामुळे होतात. भोवतालची परिस्थिती तीन ठिकाणी हस्तक्षेप करते: किरण पेशीपर्यंत किती पोचले, पोचलेल्या किरणांनी किती बिघाड केला, आणि त्यातला किती बिघाड पेशीने स्वतः दुरुस्त केला. गढूळ पाणी पहिल्या ठिकाणी आडवे येते. तापमानाचा जोर मुख्यतः तिसऱ्यावर असतो. ही तीन ठिकाणे सुटी न करता ‘३० अंशांना जास्त पेशी जगल्या’ एवढेच लिहिले, तर त्या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही.

खालची पद्धत पदव्युत्तर सूक्ष्मजीवशास्त्राच्या साध्या प्रयोगशाळेत जमण्यासारखी आहे. महागडी वस्तू एकच लागते, ती म्हणजे योग्य तरंगलांबीचा रेडिओमीटर (किरणांची तीव्रता मोजणारे यंत्र). तो विकत घेता आला नाही तर दोन दिवस उसना मागून आणा, पण त्याच्याशिवाय प्रयोग करू नका.

कोणते किरण, कशासाठी

सूर्याचे यूव्ही-सी, म्हणजे सर्वांत आखूड तरंगलांबीचे अतिनील (यूव्ही) किरण वातावरणातच अडतात. समुद्रावर पोचतात ते यूव्ही-बी (२८० ते ३१५ नॅनोमीटर) आणि यूव्ही-ए (३१५ ते ४००). लॅबमधला जंतुनाशक दिवा मात्र २५४ नॅनोमीटरचा असतो, म्हणजे तो सूर्याची नक्कल नव्हे. तरीही तो उपयोगी आहे, कारण डीएनएमधल्या शेजारच्या दोन पिरिमिडिनांना (थायमिन, सायटोसिन या घटकांना) एकमेकांत अडकवणारा जो बिघाड यूव्ही-बी करतो, तोच हा दिवा काही सेकंदांत करून देतो. हे अडकलेले जोड म्हणजे सायक्लोब्युटेन पिरिमिडिन डायमर, यापुढे सीपीडी. यूव्ही-एचा मार्ग बराचसा वेगळा आहे. तो ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार करतो आणि त्यांच्याकरवी पेशीपटल, प्रथिने व डीएनए यांना इजा पोचवतो. म्हणून कॅरोटिनॉइड रंगद्रव्याचा उपयोग यूव्ही-एविरुद्ध दिसतो, २५४च्या दिव्याखाली फारसा दिसत नाही. दुरुस्तीविषयीचा प्रश्न असेल तर दिवा वापरा. प्रत्यक्ष समुद्रात काय होते हा प्रश्न असेल तर उन्हातच जावे लागते.

जिवाणू आणि पाणी

सुरुवातीला व्हिब्रिओ नॅट्रिएजेन्स घ्या. तो रोगकारक मानला जात नाही, खाऱ्या चिखलातला आहे आणि चांगल्या माध्यमात ३७ अंशांना दहा मिनिटांच्या आत दुप्पट होतो. हा वेग पुढे एका ठिकाणी अडचणीत आणतो, ते ओघात येईलच. पुण्यातली राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) ही दोन ठिकाणे, किंवा चंडीगडचा एमटीसीसी हा सूक्ष्मजीव-संग्रह, यांच्या सूचीत उपलब्ध स्ट्रेन पाहून मागवा. किनाऱ्यावरून स्वतः वेगळा केलेला जिवाणू वापरायचा असेल तर त्याची ओळख आधी पक्की करा, कारण खाडीच्या पाण्यात पॅराहिमोलिटिकस, व्हल्निफिकस यांसारखे रोगकारक व्हिब्रिओही असतात. आणि नॅट्रिएजेन्सची प्लेट फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत तो लवकर वाढेनासा होतो. चालू प्लेट खोलीच्या तापमानाला ठेवा आणि साठा ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना.

वाढीसाठी झोबेल मरीन ब्रॉथ चालतो, पण किरण देण्यासाठी तो मुळीच चालत नाही. पेप्टोन आणि यीस्ट अर्क २५४ नॅनोमीटरचे किरण अक्षरशः पिऊन टाकतात. त्यासाठी कृत्रिम समुद्रपाणी बनवा. एका लिटरला सोडियम क्लोराइड २३.५ ग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट १०.६ ग्रॅम, सोडियम सल्फेट ३.९ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट १.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.६६ ग्रॅम आणि सोडियम बायकार्बोनेट ०.१९ ग्रॅम. कॅल्शियम क्लोराइड थोड्या पाण्यात वेगळे विरघळवून शेवटी घाला. सगळे एकदम ओतले तर पांढरा साका बसतो. बायकार्बोनेट घालून ऑटोक्लेव्ह केले तरी तेच होते, म्हणून त्याचे द्रावण ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून, बाकीचे थंड झाल्यावर मिसळा.

पेशी तयार करण्याचा क्रम असा:

१. २८ ते ३० अंशांना, १२० ते १५० आरपीएमवर वाढवा आणि ६०० नॅनोमीटरला ओडी (पेशींमुळे आलेल्या गढूळपणाचे माप) ०.३ च्या आसपास आली की थांबा. रात्रभर ठेवलेले कल्चर वापरू नका. वाढ थांबलेल्या पेशी बहुतेक वेळा किरणांना अधिक टिकाव धरतात, आणि दर खेपेला कल्चरचे वय वेगळे पडले की निकालही हलतात.

२. ४,००० ते ५,००० जी बलाला १० मिनिटे सेंट्रिफ्यूज करा, वरचे पाणी टाका, कृत्रिम समुद्रपाण्यात पेशी मिसळा. हे दोनदा करा. एकाच धुण्यात माध्यम पुरते जात नाही.

३. मिलिलिटरला साधारण १० लाख पेशी राहतील इतके विरळ करा. हलके व्हॉर्टेक्स करून ३ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, म्हणजे गुठळ्या निघून जातात. गुठळीच्या पोटातली पेशी किरणांपासून वाचते, आणि आलेखाच्या टोकाला जी लांब शेपटी दिसते तिला लोक ‘प्रतिकारक्षम पेशी’ समजून बसतात.

विरलीकरणाच्या नळ्यांत साधे डिस्टिल्ड पाणी कधीच भरू नका. समुद्री पेशी त्यात फुगून फुटतात आणि हा तोटा किरणांच्या नावावर पडतो. सगळी विरलीकरणे कृत्रिम समुद्रपाण्यात करा, निदान ३ टक्के मिठाच्या पाण्यात.

डोस मोजणे

दिवा वापरण्याआधी १५ ते २० मिनिटे पेटता ठेवा. कमी दाबाच्या पारा-दिव्याचा प्रकाश तो नीट तापल्याशिवाय स्थिर होत नाही, आणि एसीचा थंड झोत सरळ दिव्यावर आला तरी तो घटतो. डिश दिव्यापासून ३० सेंटिमीटरवर ठेवा. रेडिओमीटरचा सेन्सर डिशच्या तळावर नव्हे, तर पाण्याच्या पृष्ठभागाच्या उंचीवर धरा.

समजा मधोमध ०.२० मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर असे वाचन आले. हा आकडा जसाच्या तसा वापरायचा नाही. डिशच्या कडेकडे प्रकाश कमी असतो. पाच-पाच मिलिमीटरवर वाचने घेऊन सरासरीला मधल्या वाचनाने भागा. हा गुणक ०.९० आला असे धरू. पाण्याच्या पृष्ठभागावरून सुमारे अडीच टक्के किरण परावर्तित होतात, म्हणून ०.९७५. तिसरा गुणक पाण्यातल्या शोषणाचा. त्यासाठी १ सेंटिमीटरची क्वार्ट्झ क्युव्हेट लागते, कारण पॉलिस्टायरिनची क्युव्हेट २५४ला अपारदर्शक असते. पेशींसकट नमुन्याची शोषकता ०.१० आली आणि ६० मिलिमीटरच्या डिशमध्ये १० मिली पाण्याची खोली ०.४७ सेंटिमीटर आहे, तर दोहोंचा गुणाकार ०.०४७. सूत्र असे: १० चा उणे ०.०४७ वा घात १ मधून वजा करा आणि उत्तराला २.३०३ गुणिले ०.०४७ ने भागा. गुणक येतो ०.९५.

सगळे गुणून पेशींना सरासरी मिळतात ०.१६६ मिलिवॅट. म्हणजे ५ मिलिजूल प्रति चौरस सेंटिमीटर डोससाठी ३० सेकंद. हेच ब्रॉथमध्ये केले आणि शोषकता ४ निघाली, तर शोषणाचा गुणक ०.२३ वर उतरतो. मीटरचा काटा तोच, घड्याळ तेच, पण पेशींना मिळाले चौथ्या हिश्श्याहून कमी. दोन माध्यमांची तुलना करणारे अनेक निष्कर्ष इथेच कोसळतात.

डिशचे झाकण काढायला विसरू नका, कारण तेही पॉलिस्टायरिनचेच असते. आत छोटा चुंबक टाकून भोवरा पडणार नाही इतक्या हळू ढवळत राहा. ०, २, ४, ६, ८, १० मिलिजूल असे टप्पे घ्या आणि प्रत्येक टप्प्याला नवी डिश वापरा. डोळ्यांवर पॉलिकार्बोनेटची ढाल, हातमोजे, पूर्ण बाह्या. यूव्ही-सीने डोळ्याला झालेली इजा काही तासांनी जाणवते, त्यामुळे तेवढ्यापुरते ‘काही झाले नाही’ असे वाटून लोक निष्काळजी होतात.

उजेडाची दुरुस्ती

सर्वांत जास्त प्रयोग बिघडतात ते दिवा बंद केल्यानंतरच्या दहा मिनिटांत. फोटोलायेज नावाचे विकर सीपीडीला चिकटते आणि साधारण ३५० ते ४५० नॅनोमीटरच्या प्रकाशाची ऊर्जा वापरून अडकलेला जोड सोडवते. १९४९ मध्ये जीवशास्त्रज्ञ अल्बर्ट केल्नर यांनी ही उजेडातली दुरुस्ती दाखवली, तीही आधीच्या निकालांत न उलगडणारा चढउतार येत होता म्हणून त्याचा पाठपुरावा करता करता. व्हिब्रिओ प्रजातींतही हे विकर आढळते. खिडकीजवळच्या टेबलावर नळ्या ठेवल्या, तर मोजणी सुरू होईपर्यंत दुरुस्तीही सुरू झालेली असते.

म्हणून खोलीत पिवळा किंवा लाल दिवा लावा, नळ्यांना ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा, प्लेट अंधारात उबवा. मग प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करा. एक दोन तास अंधारात, दुसरा तितकाच वेळ, त्याच तापमानाला, उजेडात. अंधारातल्या भागात फोटोलायेजचे काम थांबलेले असते आणि कापून-भरून दुरुस्ती करणारी यूव्हीआर-एबीसी यंत्रणा तेवढी चालू राहते. दोहोंतला फरक म्हणजे उजेडाची कमाई.

उजेड कोणता, यालाही महत्त्व आहे. पांढऱ्या एलईडीचा निळा भाग ४५० नॅनोमीटरच्या आसपास असतो, त्याच्याखाली फारसे काही नसते. फोटोलायेजला हवा तो भाग नेमका त्यात कमी पडतो. ३६५ नॅनोमीटरचा सौम्य दिवा किंवा जुन्या पद्धतीची फ्लुरोसंट ट्यूब अधिक कामाची. लॅबमधल्या ट्यूब बदलून एलईडी बसवले असतील, तर जुन्या आणि नव्या निकालांची तुलना करताना हे ध्यानात घ्या.

आता नॅट्रिएजेन्सच्या वेगाची अडचण. उजेडातल्या दोन तासांत संख्या वाढली ती दुरुस्तीमुळे की वाचलेल्या पेशी विभागल्यामुळे? दोन्ही शक्यता आहेत. म्हणून या काळात पेशी निव्वळ कृत्रिम समुद्रपाण्यात, खाद्याविना ठेवा, आणि किरण न दिलेला एक नमुना शेजारीच ठेवा. त्याची संख्या वाढली, तर धुणे अपुरे झाले आहे.

हिशेब मांडताना शेकडा आणि लॉग (दहाच्या पटीतली घट; १ लॉग म्हणजे दहापट) दोन्ही द्या. सुरुवातीला मिलिलिटरला १० लाख, किरणांनंतर १,०००, उजेडानंतर ५०,०००. शेकड्यात सावरलेला भाग ४.९ टक्के, म्हणजे क्षुल्लक वाटतो. लॉगमध्ये मात्र ३ लॉगच्या घटीपैकी १.७ लॉग भरून निघाला. एकच आकडा छापला तर वाचणारा आपापल्या कलाने अर्थ काढतो.

तापमान

डायमर तयार होण्याची क्रिया प्रकाशाची आहे, तिला थंडी-उन्हाची फारशी पर्वा नसते. विकरांना असते. त्यामुळे थंड पाण्यात तेवढ्याच डोसने जवळपास तेवढेच डायमर पडतात, पण ते उठायला वेळ लागतो. अंटार्क्टिकाच्या ओझोन छिद्राची नोंद १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हापासून तिथल्या समुद्री जिवाणूंची काळजी वाटते ती दोन्ही कारणांनी: वरून यूव्ही-बी जास्त आणि खाली दुरुस्ती मंद.

हे दाखवायचे तर किरण देतानाचे तापमान आणि सावरतानाचे तापमान वेगळे बदला. १० आणि ३० अंश घेतले तर चार जोड्या होतात. १०ला किरण आणि १०ला विसावा, १०ला किरण आणि ३०ला विसावा, आणि याच्या उलट दोन. पहिल्या दोहोंत मोठा फरक दिसला आणि किरणांचे तापमान बदलून फारसा दिसला नाही, तर परिणाम दुरुस्तीतला आहे. विसावा संपल्यावर सगळ्या प्लेट एकाच तापमानाला उबवा. डिशखाली बर्फपाण्याचा थाळा ठेवा, पण दिव्यासकट सगळी मांडणी थंड खोलीत नेऊ नका, कारण मग दिव्याचाच प्रकाश बदलतो. किरण न दिलेली जोडनमुना-डिश प्रत्येक तापमानाला हवीच. थंडीने गमावलेल्या पेशी तिच्याशिवाय ओळखता येत नाहीत.

क्षारता

गोव्यातल्या मांडवी-झुआरीसारख्या नद्यांच्या मुखांत मे महिन्यात पाणी समुद्राइतके खारे असते आणि जुलैत पृष्ठभागावर गोड्या पाण्याचा थर पसरतो. तोच बदल प्रयोगात आणताना घाई करू नका. ३५ क्षारतेत (किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार) वाढलेल्या पेशी एकदम १० मध्ये टाकल्या तर त्यांना परासरणाचा धक्का बसतो, आणि त्यावर किरण दिले की दोन्ही इजा मिसळतात. पेशी निदान रात्रभर त्या-त्या क्षारतेत वाढवा, मग ताज्या माध्यमात घेऊन ओडी ०.३ पर्यंत आणा. १०, २० आणि ३५ असे तीन टप्पे पुरेत. प्रत्येक टप्प्याचे उरलेले प्रमाण त्याच टप्प्याच्या किरण न दिलेल्या नमुन्याशीच ताडा. विरलीकरणाचे पाणीही त्याच क्षारतेचे असू द्या.

गढूळ आणि पिवळसर पाणी

खाडीच्या पाण्याला खारफुटीच्या पानांमुळे आणि नदीच्या काडीकचऱ्यामुळे जो चहासारखा रंग येतो, ते विरघळलेले सेंद्रिय द्रव्य यूव्ही-बी झपाट्याने शोषते. म्हणून निळ्याशार खुल्या समुद्रात यूव्ही-बी कित्येक मीटर खाली जाते, पण गढूळ खाडीत वरच्या मीटरभरातच संपते. मात्र हे द्रव्य नुसते छत्र नाही. किरण शोषताना त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी उपद्रवी रसायने निघतात, आणि त्याच वेळी मोठे रेणू तुटून जिवाणूंना सहज खाता येतील असे तुकडेही होतात. एकच पदार्थ राखतो, मारतो आणि पोसतो.

हे उलगडण्यासाठी दोन मालिका चालवा. पहिलीत पृष्ठभागावरचा डोस सारखा ठेवा. यात छत्राचा परिणाम दिसतो. दुसरीत वरचे शोषणाचे सूत्र वापरून वेळ वाढवा आणि पेशींना मिळणारा सरासरी डोस सारखा करा. तरीही फरक उरला तर तो रसायनांचा किंवा खाद्याचा. पेरॉक्साइडचा संशय असेल तर अगरमध्ये सोडियम पायरुवेट घातलेल्या आणि न घातलेल्या प्लेट शेजारी शेजारी लावा. पायरुवेट पेरॉक्साइड निष्प्रभ करते, आणि अर्धमेल्या पेशी त्या प्लेटवर उगवून येतात.

पाणी आणताना काचेची बाटली वापरा. आधी काच-तंतूच्या फिल्टरमधून, मग ०.२ मायक्रॉनमधून गाळा. पहिले १०० मिली फेकून द्या, कारण फिल्टरमधूनच सेंद्रिय द्रव्य झिरपते. अंधारात ४ अंशांना ठेवा आणि दोन दिवसांत संपवा.

उन्हातला प्रयोग

इथे २५४चा मीटर निरुपयोगी आहे, यूव्ही-बीचा सेन्सर लागतो. नमुने क्वार्ट्झच्या नळ्यांत किंवा पातळ पॉलिइथिलीनच्या पिशव्यांत भरा आणि उथळ थाळ्यात वाहत्या पाण्याखाली ठेवा. पाणी वाहते नसेल तर मे महिन्यातल्या गच्चीवर तासाभरात तापमानाचाच प्रयोग होऊन बसतो.

चार भाग करा: उघडा, पॉलिएस्टरच्या पत्र्याखालचा (यूव्ही-बी अडते), पॉलिकार्बोनेटखालचा (बहुतेक सगळे अतिनील अडते) आणि फॉइलमधला. पॉलिएस्टर म्हणून जुन्या ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिका चालतात, पण काही पारदर्शिका ॲसिटेटच्या असतात आणि त्या यूव्ही-बी सोडतात. तुकडा स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये धरून २५० ते ४०० नॅनोमीटर तपासा, मगच वापरा. पत्रा थाळ्याहून बराच मोठा हवा आणि कडांना खाली झुकलेला हवा. यूव्ही-बीचा मोठा हिस्सा थेट सूर्याकडून न येता सगळ्या आकाशातून विखरून येतो, म्हणून नुसते वर झाकले तर बाजूंनी शिरतो. किनाऱ्यावर पत्र्यांवर मिठाचा थर बसतो, तो डिस्टिल्ड पाण्याने पुसत राहा.

कोकणात आणि गोव्यात सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळाच्या बाराला नव्हे, साडेबाराच्या आसपास. प्रयोगाचे तास त्याच्या दोन्ही बाजूंना सारखे वाटून घ्या. पणजीला सूर्य मेच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास डोक्यावर असतो, मुंबईला मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस. पण दुसऱ्या खेपेला ढग असतात, त्यामुळे तारखेवर विसंबू नका, दर पाच मिनिटांनी वाचन नोंदवा.

वसाहती मोजाव्यात की डायमर

प्लेटवरच्या ३० ते ३०० वसाहती मोजणे स्वस्त आहे, पण उगवली नाही ती पेशी मेलीच असे नाही. शक्य असेल तर सीपीडीविरोधी प्रतिपिंड वापरून एलायझा किंवा डॉट ब्लॉट करा. डीएनए पिवळ्या उजेडातच काढा, प्रत्येक नमुन्यात सारखे मोजून घ्या आणि ९५ अंशांना १० मिनिटे तापवून लगेच बर्फात बुडवा. दुपदरी डीएनएत प्रतिपिंडाला डायमर नीट सापडत नाही. वसाहती घटल्या पण डायमर वाढले नाहीत, तर इजा यूव्ही-एची किंवा प्रथिनांची असू शकते.

समुद्रातून थेट आणलेल्या नमुन्यांवर डायमर मोजायचे असतील तर वेळ आणि वारा दोन्ही लिहून ठेवा. मेक्सिकोच्या आखातातल्या मोजणीत दिवसभर डायमर साठत गेले आणि रात्री उतरले. शांत समुद्रात वरच्या थरात ते जास्त होते, खवळलेल्या पाण्यात खोलीनुसारचा फरक पुसला गेला, कारण वरच्या पेशी खाली आणि खालच्या वर फिरत राहिल्या. सकाळी सातचा आणि दुपारी चारचा नमुना एकाच रकान्यात लिहू नका. पाणी वर काढताच गाळणी करा आणि फिल्टर अंधारात गोठवा, नाहीतर बोटीवरच दुरुस्ती सुरू होते.